बेवारस कुत्र्याचा मालक

समोरच्यांचं कुत्रं आमच्या गेटमधून आत आलं तेव्हा मी पायरीवर पेपर वाचत बसले होते. सकाळचे साडेआठ झाले असतील. माझी मांजर माझ्यापासून चार हातांवर, तुळशीच्या कुंडीला पाठ लावून उन्हात झोपली होती. दूधवाला नुकताच गेला होता आणि गेट उघडं राहिलं होतं. कुत्रं आत येताना मला दिसलं. म्हणजे मला वेळ होता, हे आधीच सांगून टाकते. मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही.

त्याने तिला मागच्या पायाला धरलं आणि पिळलेलं धुणं झटकतात तसे झटके दिले. तिचं ओरडणं ऐकून वडील हातात वायपर घेऊन धावत आले. त्यांनी कुत्र्याच्या पाठीत दोन-तीन हाणले तेव्हा कुठे त्याने तिला सोडलं. ते पळालंसुद्धा नाही. चालत समोरच्या घरी गेलं, तिथल्या पायपुसण्यावर बसलं आणि तोंड चाटायला लागलं.

जनावरांच्या दवाखान्यात आमच्या आधी दोन म्हशी आणि एक शेळी होती. मी मांजर ओढणीत गुंडाळून मांडीवर धरली होती. शेळीवाल्या आजोबांनी ओढणीवरचं रक्त पाहिलं आणि म्हणाले, "तुमी जा फुडं." डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. हाडाचा भुगा झालाय, पाय काढावा लागेल, म्हणाले. केसपेपरवर 'मालकाचं नाव' असा एक रकाना होता. तिथे मी माझं नाव लिहिलं. दोन वर्षांपूर्वी ती गटाराजवळ सापडली होती. तेव्हापासून ती माझी आहे का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

समोरच्या माणसाला सगळी गल्ली भाऊ म्हणते. नांदेडमध्ये प्लॉटिंगचा धंदा, लोह्याकडे शेती, घरासमोर पांढरी गाडी. शेतावरच्या आखाड्यासाठी, म्हणजे तिथल्या गोठ्याच्या राखणीसाठी म्हणून त्यांनी हे कुत्रं आणलं, आणि दिसायला रुबाबदार निघालं म्हणून घरीच ठेवलं. त्याने आधी कोपऱ्यावरच्या मावशींच्या तीन कोंबड्या मारल्या होत्या. तेव्हा भाऊ हसत म्हणाले होते, "मावशी, बिर्याणी वाया गेली तुमची."

त्या संध्याकाळी वडील त्यांच्याकडे गेले आणि मीही मागे मागे गेले. भाऊ मित्रांसोबत अंगणात खुर्च्या टाकून बसले होते.

"भाऊ, कुत्रं मोकळं असतं तुमचं. पोरीच्या मांजराचा पाय गेला," वडील म्हणाले.

"अरारा! लई वाईट झालं, सर." हातातल्या मोबाइलवरून त्यांची नजर हलली नाही. "पन मांजरच हाय ना? आपल्या आखाड्यावर ढिगानं हायत. उद्याच दोन पिल्लं आनून देतो. फक्त कलर सांगा." मग माझ्याकडे बघून, "काय बेटा, कुठला कलर पायजे?"

मी त्यांच्या मोबाइलकडे बघत राहिले.

"सर, पोरगी मुकीच हाय का काय तुमची? इंग्लिश शाळेत बोलायचं शिकवीत न्हाईत का?"

मित्र हसले. वडीलही हसले. त्यांनी शाळेत तीस वर्षं नोकरी केली आहे. भांडण टाळायचं असलं की कसं हसायचं, ते त्यांना नेमकं जमतं. त्या हसण्याबद्दल मी वडिलांनाही अजून माफ केलेलं नाही.

मी खरंच कमी बोलते. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि गल्लीत इंग्रजी बोललं की नक्कल. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प माणसाला दिसतं मात्र खूप. भाऊंच्या अंगणातून परत येईपर्यंत माझं ठरलं होतं. दुसरं मांजर नको, पैसे नकोत. कुत्रं माझं आणि चूक माझी, हे या माणसाने सगळ्या गल्लीसमोर स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं होतं. ते ऐकल्याशिवाय मी सोडणार नव्हते.

पोलीस चौकीत मी इंटरनेटवरून कलमं काढून तीन पानांचा इंग्रजी अर्ज नेला. हवालदारांनी तो उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, हे वाचायला आमच्या साहेबांना बी डिक्शनरी लागंल. मराठीत लिहा." मग शांतपणे विचारायला लागले. "मानसाला चावलं का?"

"नाही," वडील म्हणाले.

"पोरीला एखादा ओरखडा-बिरखडा?"

"नाही."

"मग अवघड हाय, सर. कलमात मानसाच्या जिवाला धोका असं हाय. मांजराच्या जिवाचं त्यात काय न्हाई." ते माझ्याकडे वळले. "आन मांजर तुमचंच कशावरून? मांजर कुनाचं नसतं. आज तुमच्याकडं दूध पितं, उद्या दुसऱ्याकडं."

मी दवाखान्याचा केसपेपर पुढे केला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला. "हाव, हे झालं," ते म्हणाले. त्यांनी अदखलपात्र म्हणून नोंद घेतली आणि भाऊंना जबाबाला बोलावलं.

दोन दिवसांनी आम्हीही चौकीत होतो. भाऊ आले ते एका मित्राला घेऊन. हा मित्र कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. जबाब त्याने घरूनच लिहून आणला होता. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला: सदर कुत्रा हा बेवारस असून माझ्या मालकीचा नाही. माझी पत्नी भूतदयेपोटी त्यास उरलेली भाकरी टाकते, त्यामुळे तो आमच्या दारात बसतो. खाली भाऊंची ऐटदार सही.

"भाऊ, असं कसं?" वडील म्हणाले.

"कागदावर काय बी लिहावं लागतं, सर. तुमी मास्तर मानूस, खामखा मनाला लावून घेता."

मी वडिलांना कोपर मारलं. वडिलांनी जबाबाची प्रत मागितली आणि हवालदारांनी ती दिली. भाऊ बाहेर पडताना मित्राच्या पाठीवर थाप मारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीतून पाहिलं. कुत्र्याच्या गळ्यातला पितळी टिकल्यांचा पट्टा नव्हता. पट्टा वर्षानुवर्षं घासून केस विरळ झाले होते, तिथे गळ्याभोवती एक फिकट रेघ तेवढी दिसत होती. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, त्याची थाळी गेटच्या बाहेर रस्त्यावर ठेवली. कुत्रं थाळीपाशी गेलं, मग गेटपाशी आलं, आत जायला मिळेना म्हणून परत थाळीपाशी गेलं. माझ्या मांजरीचे टाके अजून ओले होते. मला कुत्र्याची दया आली नाही.

त्या आठवड्यात आई आणि मी लातूरला मामांकडे गेलो. मामा तिथल्या कोर्टात दिवाणी कामं बघतात. त्यांनी जबाब दोनदा वाचला.

"पोलिसांचा नाद सोड," ते म्हणाले. "हे काम दिवाणी कोर्टाचं. आता हे ऐकायला वाईट वाटेल, पण कायद्याच्या लेखी मांजर म्हणजे वस्तू. तुझी खुर्ची कुणी मोडली, तर तू जशी भरपाई मागशील, तसं."

"खुर्ची ओरडत नाही, मामा."

मामांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "न्हाई ओरडत," ते म्हणाले. "पण खुर्चीसाठी सुद्धा सिद्ध करावं लागतं. कुत्रं त्याचं, हे एक. आणि ते चावरं आहे हे त्याला माहीत असून त्यानं मोकळं सोडलं, हे दुसरं. गेट तुमचं उघडं होतं, ते तर त्याचा वकील आल्या आल्या उचलणार. पण अंगण तुमचं होतं, मांजर रस्त्यावर नव्हतं, ते आपण बघू. लायसन काढलंय का त्यानं कुत्र्याचं?"

"कोण काढतं?" आई म्हणाली.

"मग मालकी दाखवायची कशी?"

तेव्हा मी मोबाइल काढला. आमच्याकडे कुणाचाही वाढदिवस असला की चौकात फ्लेक्स लागतो. नगरसेवकाचा लागतो, नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्याचा लागतो, पहिलीतल्या पोराचाही लागतो. मागच्या हिवाळ्यात भाऊंनी कुत्र्याचा लावला होता. मधोमध हार घातलेलं कुत्रं, शेजारी गॉगल लावून भाऊ, आणि खाली शुभेच्छुक म्हणून बारा मित्रांचे गोल गोल फोटो. वर मोठ्या अक्षरांत: 'भाऊंचा वाघ! याच्या वाटेला जाऊ नका, एकदा धरलं की सोडत नाही.' मी तेव्हा त्याचा फोटो काढून शाळेतल्या मैत्रिणींना पाठवला होता. त्या आता पुण्यात असतात. आम्ही सगळ्याजणी खूप हसलो होतो. नांदेडला हसायला मला तेव्हा मजा वाटायची.

मामांनी फोटो मोठा करून वाचला आणि ते इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अगं, मालकी पण ह्याच्यावर आणि स्वभाव पण ह्याच्यावर! माणूस स्वतःच्या विरुद्ध पुरावा छापतो, चौकात लावतो, वर बारा साक्षीदारांचे फोटो देतो! वीस वर्षांच्या वकिलीत असा पुरावा मला मिळाला नव्हता." डोळे पुसून ते गंभीर झाले. "आत्ता कुणाला दाखवू नको. सावध होईल. आपण नोटीस देऊ, दावा टाकू. मग त्याला कोर्टात म्हणावंच लागेल की कुत्रं माझं."

"किती दिवसांनी?"

"दिवसांनी?" मामा म्हणाले. "वर्षं म्हण."

परतीच्या बसमध्ये अहमदपूरपासून लोह्यापर्यंत मी जबाबाची प्रत मांडीवर घेऊन बसले होते. आई झोपली होती. मी ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. 'बेवारस असून माझ्या मालकीचा नाही.' ठीक आहे. बेवारस कुत्र्यांचं काय करायचं, हे महापालिका बघते.

अर्ज मी स्वतः मराठीत लिहिला. तीनदा पक्का केला. आमच्या गल्लीत एक बेवारस, चावरं कुत्रं आहे, त्याने एका पाळीव मांजराला जायबंदी केलं आहे, तरी बंदोबस्त व्हावा. सोबत जबाबाची झेरॉक्स जोडली. महापालिकेतल्या बाईंनी विचारलं, "मालक कुनी हाय का?" मी झेरॉक्सवर बोट ठेवलं. त्यांनी वाचून शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज मला फार आवडला. कुत्र्याने काय केलं होतं? कुत्र्यासारखं वागलं होतं, एवढंच. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी घरी येताना मी रिक्षात एकटीच हसत होते.

महापालिकेची गाडी आठवड्याभरात आली. दोन माणसं जाळं घेऊन उतरली. कुत्र्याला वाटलं काहीतरी खायला आलं असेल. शेपूट हलवत ते स्वतःच त्यांच्याकडे गेलं, आणि जाळं पडलं.

"अहो! अहो, या ना लवकर! नेऊन राहिले त्याला!" वहिनी गेटमधून ओरडल्या.

भाऊ बनियनवर बाहेर धावले. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला फेस. "ए! सोड बे! कुनाचं कुत्रं हाय, म्हाईत हाय का?"

"कुनाचं?" गाडीवाल्याने विचारलं.

भाऊंचं तोंड उघडं राहिलं. मी आमच्या गेटला धरून उभी होते. त्यांनी मला पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते कळतानाचा त्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला.

गल्ली गोळा झाली होती. कोंबड्यावाल्या मावशी सगळ्यात पुढे.

"सांगा ना भाऊ, कुनाचं हाय? लायसन दाखवा, लगेच सोडतो," गाडीवाला म्हणाला.

"साहेबांना फोन लावतो मी तुमच्या."

"लावा की. आमच्याकडं अर्ज हाय. संगं तुमचाच जबाब हाय." त्याने खिशातून कागद काढून वाचला. "बेवारस असून माझ्या मालकीचा नाही. ही सही तुमचीच ना?"

"मग नेऊ द्या की भाऊ," मावशी म्हणाल्या. "बेवारसच हाय म्हनल्यावर."

"कुठं नेनार त्याला?" भाऊंनी विचारलं. आवाज उतरला होता.

"नसबंदी करनार, कानाला खाच मारनार, आठ-धा दिवसांनी हितंच आनून सोडनार."

"वाघाची नसबंदी!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी गल्ली हसली. मीही हसले. गल्लीत सगळ्यांसोबत मी पहिल्यांदा हसले असेन.

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. हाताला पीठ लागलेलं होतं. "माझं हाय," त्या म्हणाल्या. "मी लिहून देते. खाऊ घालनारी मी, आंघोळ घालनारी मी. आना कागद."

याचा मी विचारच केला नव्हता. सगळ्या त्या घरात मांजरीची चौकशी एकट्या वहिनींनी केली होती, भाऊ घरी नसताना, भिंतीवरून हळू आवाजात. गाडीवाला त्यांच्या हातात पेन देत होता. जाळ्यातलं कुत्रं त्यांच्याकडे बघून कुंईकुंई करत होतं. मी गप्प राहिले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं, आणि भाऊंनी आत जाऊन राहिलेली दाढी केली असती.

"त्यांनी नाही," मी म्हणाले.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "बेवारस म्हणून ह्यांनी लिहून दिलंय. मालक म्हणून पण ह्यांनीच लिहायचं."

"बरोबर हाय," गाडीवाला म्हणाला. त्याला काय, त्याला सही हवी होती. पेन वहिनींच्या हातातून भाऊंच्या हातात गेलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. मी कोण आहे हे त्यांना आत्ताच कळत असावं, असं त्या बघत होत्या.

भाऊंनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. गाडीवाला सांगत गेला: सदर कुत्रा माझ्या मालकीचा आहे. मी त्यास बांधून ठेवीन. त्याच्यापासून कुणास इजा झाल्यास सर्व जबाबदारी माझी. भाऊंच्या गालावरचा फेस वाळून पांढरा चट्टा पडला होता.

"मोठ्याने वाचायला सांगा," मी म्हणाले.

"बास, बास आता," वडील मागून म्हणाले.

"वाचायला सांगा."

भाऊंनी वाचलं. "सदर कुत्रा माझ्या मालकीचा आहे," एवढंच. मग कागद गाडीवाल्याच्या छातीवर टेकवला आणि ते आत गेले. जाळं सोडून कुत्र्याला वहिनींनी ओढत नेलं. मी मोबाइलवर कागदाचा फोटो काढून तिथूनच मामांना पाठवला.

मामांची नोटीस लगेच गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी भाऊ पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्याकडे आले. सोबत गल्लीतले एक वयस्कर काका होते, आमच्याकडची सगळी भांडणं तेच मिटवतात. आईने चहा ठेवला.

"झालं गेलं, सर," भाऊ म्हणाले. "शेजार हाय. दवाखान्याचं काय असंल ते मी देतो. कोर्टाबिर्टाचं कशाला?" मग माझ्याकडे न बघता, "चुकलं, बेटा."

हेच मला हवं होतं. महिनाभर झोपताना मी मनातल्या मनात भाऊंना हाच शब्द कितीदा बोलायला लावला होता. आता ते बोलले, आणि मी वाट बघत राहिले की काहीतरी हलकं वाटेल.

मांजर आतून आली. तीन पायांवर ती बरी चालते, पण उडी अजून जमत नाही. ती सोफ्यावर चढायला गेली, निम्म्यातून घसरून फरशीवर आपटली, पुन्हा गेली, पुन्हा आपटली. काका म्हणाले, "अरे राम." भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मी तिला उचलून सोफ्यावर ठेवलं, अगदी भाऊंच्या शेजारी. ते सरकून बसले.

"पोरी, माणूस घरी चालून आलाय," काका मला म्हणाले. "मन मोठं कर."

"नोटिशीला उत्तर द्या," मी भाऊंना म्हणाले.

वडील रागावले. मोठ्या माणसांसमोर असं बोलतात का, म्हणाले. चहा तसाच राहिला. पेढे आईने दुसऱ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकले.

आता दावा दाखल झाला आहे. फ्लेक्सचा फोटो, जबाब आणि बॉनेटवर लिहिलेला कागद, तिन्ही मामांनी जोडले आहेत. एवढ्या पुराव्यावर बरीच वर्षं लागणार नाहीत, असं ते म्हणतात, पण वकिलांचं वर्ष किती महिन्यांचं असतं ते मला माहीत नाही. समोर कुत्रं दिवसभर साखळीला असतं आणि भुंकतं. त्याला फिरवायला कुणी नेत नाही. वहिनी भिंतीपाशी येत नाहीत. परवा मी त्यांना हाक मारली, तर त्या धुणं घेऊन आत गेल्या.

मामांनी फोनवर पुन्हा विचारलं, तडजोडीचं काही असेल तर अजून वेळ आहे, बघ.

मी म्हटलं, नाही. तारीख कधी आहे तेवढं सांगा.